पासिंगपुरतं

१ मार्च १९८२, सोमवार

मार्च लागला की लोक डोकं खातात. सकाळपासून चार गिऱ्हाइकं, चौघांचं एकच तुणतुणं: "मिस्त्री, पासिंगपुरतं करून द्या." वहीत आता मी नुसतं पा.पु. लिहितो. किती डाव लिहायचं तेच ते.

पासिंगच्या दिवशी गाडीनं काळा धूर सोडू नये, एवढंच पाहिजे लोकाईले. त्याचा उपाय साऱ्या नागपूरले माहीत. डिझेल पंपाच्या बाजूले एक स्क्रू असते. आत पिळला की डिझेल कमी, धूर कमी, गाडीतला जीवही कमी. बाहेर काढला की जीव येते आन मागून काळा ढग. नोझल गेले, पिस्टनच्या रिंगा गेल्या, त्याचं कोणाले काही नाही. मिस्त्रीनं स्क्रू पिळायचा, तार ओवून शिशाचं सील दाबायचं, आरटीओच्या साहेबानं सीलवरचा माहा 'म' पाहायचा, गाडी पास. आन मंग पहिल्याच पानठेल्यावर थांबून सील तोडायचं. पंधरा वर्षांत माह्या किती 'म'चा पानठेल्यावर चुरा झाला असंन.

या वर्षी नाही करणार. खडूनं पाटी लिहून लावली: 'पासिंगपुरते काम मिळणार नाही.' एका टेम्पोवाल्यानं पाटी मोठ्यानं वाचली, मान हलवली, आन म्हणे, "बरोबर आहे. मंग माह्यं कधी करून देता?"

संध्याकाळी दादा आला. त्याच्या टॅक्सीची पासिंग अठरा तारखेले. पाटी पाहून हसला. "घरच्यालेही लागू आहे का गा हे, मन्या?"

म्हटलं, पहिले गाडी तर आण.

३ मार्च, बुध.

दादाची गाडी पाहिली. पाहिली नसती तर बरं झालं असतं.

पेट्रोलचं इंजिन काढून डिझेलचं टाकलं त्याले सहा वर्षं झाले. तेव्हापासून नागपूर-उमरेड, दिवसाच्या चार खेपा, पाचाच्या गाडीत सात माणसं. तेल बदलायचं म्हटलं की "पुढच्या हप्त्यात". 

धूर मोजायची मशीन इथं कोणाकडंच नाही. मी पांढऱ्या सुताची लडी सायलेन्सरासमोर धरतो, गाडीवाल्याले ॲक्सिलेटर दाबायले लावतो आन दहा मोजतो. कोष्ट्याच्या घरचा आहे, काळ्यातला काळा समजते मले. दादाले तर माह्याहून जास्त समजते, त्यानं वीस वर्षं माग चालवला. दहा मोजेपर्यंत लडी तव्याच्या बुडावाणी झाली.

दादा म्हणे, "सूत जुनं असंन."

सांगितलं त्याले: चारही नोझल बदल, हेड उतरव, रिंगा टाक. पंधरा दिवस गाडी माह्याकडं सोड. तर म्हणे, "पंधरा दिवस लाइन सोडली तर माह्या जागी दुसरा उभा राहीन. उमरेडच्या स्टँडवर नंबर असते. एकदा गेला म्हणजे गेला. छप्पन वर्षांच्या माणसानं नवा धंदा शोधायचा का?" आन मंग हळूच, "तू पासिंगपुरतं कर. बाकी दिवाळीनंतर पाहू."

माह्या सख्ख्या भावाच्या तोंडून पा.पु. मी नाही म्हटलं. तो गाडी घेऊन गेला. गल्लीच्या टोकापर्यंत धूर दिसून राहिला होता.

५ मार्च, शुक्र.

आज जे झालं ते होणारच होतं.

तांडापेठेत आमच्या गल्लीत आता एकच माग चालू आहे, गिरजामावशीचा. बाकी सारे कोणी गिरणीत, कोणी मनपात, कोणी माह्यावाणी पान्याच्या मागं. मावशी सकाळी उन्हाआधी गल्लीत उभ्या सुताचा ताणा पसरते, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आन खळ लावते. पांढऱ्या लुगड्याचा ताणा होता. तेवढ्यात दादानं गाडी सुरू केली. थंड इंजिन, वरून त्यानं तीनदा रेस केली. खळ ओली. ओल्या खळीले काजळी अशी चिकटते की वाळल्यावर त्या सुताचाच रंग होऊन जाते.

मावशी ओरडली नाही. ताण्याचं एक टोक तोडून घेतलं आन पायी माह्या दुकानात आली, गणेशपेठेपर्यंत. टेबलावर ठेवलं.

"तू पंपवाला आहे न गा मनोहर? सारं गाव म्हणते, मनोहरचं सील म्हणजे पक्कं. मंग हे काय आहे?"

काय सांगू? म्हटलं, दादाशी बोलतो. बोललो. दादा म्हणे, "धुऊन टाक म्हणा." मावशी घरी परतल्यावर तिच्या कानावर गेलंच ते. तिनं ओट्यावरूनच त्याले विचारलं, "खळीचा ताणा धुतात का रे? तू विणकर होता न?"

दादाचं तोंड उतरलं. मले वाईट वाटलं आन बरंही वाटलं.

७ मार्च, रवि.

मारुतीच्या ओट्यावर बैठक. दोन तास. एकानं गाडीचं काढलं, दुसऱ्यानं नालीचं, तिसऱ्यानं दहा वर्षांपूर्वीच्या भिंतीचं. शेवटी ठरलं ते एवढंच: पाडव्यापर्यंत दादानं धूर बंद करावा. नाही तर गाडी गल्लीत लावायची नाही, नाल्याच्या पलीकडं उभी करायची.

दादा म्हणे, "सरकारनं पास केली तर तुमी कोण?"

मावशी म्हणे, "सरकार कुठं ताणा पसरवते इथं?"

दादा उठून गेला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, म्हणतात ते आमच्या घराण्याले पाहूनच म्हटलं असंन कोणी.

१० मार्च, बुध. धुळवड

दरसाल धुळवडीचं मटण दादाकडं. या वर्षी बोलावणं नाही. वहिनीनं पोट्टीच्या हातानं डबा पाठवला. रस्सा इतका जहाल की डोळ्यातून पाणी. मसाला रागातच वाटला तिनं. पण समजलं नाही की राग माह्यावर का दादावर. दोघांवरही असंन.

दुकान बंद. तरी टेम्पोवाला घरी आला, तोंड हिरवं-जांभळं. "मिस्त्री, आज सण आहे, नाही म्हणू नका." दार लावून घेतलं.

१२ मार्च, शुक्र.

वहिनी दुकानात आली. अख्ख्या आयुष्यात दुसऱ्यांदा. पहिल्या डावानं दुकानाची पूजा होती.

माय गेली तेव्हा मी सहा वर्षांचा. वहिनी सतराची, नवीनच लग्न होऊन आलेली. माह्यं नाक पुसण्यापासून शाळेत घालण्यापर्यंत सारं तिनं केलं. तिच्यासमोर माह्यं काही चालत नाही, हे तिलेही माहीत आहे. स्टुलावर बसली. पाटीकडं पाहिलं. वाचता येत नाही तिले, म्हणे, "काय लिवलं?"

सांगितलं.

"बरं लिवलं. पण गाडी पास नाही झाली तर हे घरी बसतीन. आन हे घरी बसले तर मी कुठं जाऊ?" हसली, मंग हसू गेलं. "माग गेला तेव्हा पाहिलं न तू त्याईले? दोन महिने भिंतीकडं तोंड करून झोपले होते. तसं नको रे बापा पुन्हा."

मले आठवते. तेव्हा मी नुकताच कामाले लागलो होतो. दादा जेवत नव्हता, बोलत नव्हता. गाडी आली तेव्हा माणूस उठला.

वहिनीले चहा पाजला. हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. ती गेल्यापासून कोणत्याच कामात हात चालून नाही राहिला.

१७ मार्च, बुध.

लिहू का नको? लिहितो, वही माहीच आहे.

दुपारी दादा जेवायले घरी आला तेव्हा गाडी गल्लीत उभी. तो आत भाकर मोडून राहिला होता. मी बॉनेट उघडलं आन स्क्रू पाऊण आटा आत पिळला. सील नाही लावलं. तेवढं तरी नाही केलं. बॉनेट लावलं, दुकानात आलो.

पाटी तशीच लटकून आहे. तिच्याकडं पाहवत नाही.

१८ मार्च, गुरु.

तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं.

साहेब नवे आहेत. तरुण, चष्मेवाले, बोलणं कमी. यांची पद्धत वेगळी: गाडी उभी करून रेस करत नाहीत. पूर्ण माणसं भरायची आन सेमिनरी हिलच्या चढावर न्यायची. स्वतः पुढं बसतात, मान बाहेर काढून धूर पाहतात. म्हणून दादानं मले, वहिनीले आन गणपत पानवाल्याले मागं कोंबलं. गणपत एकटाच दोघांएवढा. शिवाय डिक्कीत रेतीचं पोतं. वहिनीनं नारळ घेतला होता, पास झाली की तेलंगखेडीच्या महादेवाले फोडायचा म्हणे.

सकाळी गाडी सुरू होतानाच मले समजलं की हिच्यात काही दम नाही. पाऊण आट्यानं इतका फरक पडत नाही. पण बोललो नाही, कारण बोललो असतो तर पाऊण आट्याचंही सांगावं लागलं असतं. दादाही चूप. मले वाटलं, घाबरला असंन.

सपाट रस्त्यावर ठीक होतं. धुराचं नाव नाही. साहेब मान बाहेर काढून पाहून राहिले, मागं एकदम स्वच्छ हवा. चढ लागला. दादानं दुसरा गिअर टाकला. मंग पहिला. अर्ध्या चढावर गाडी थांबली, आन थांबून मागं जाऊन राहिली.

"दगड लावा," साहेब म्हणे.

मी उतरलो, दगड लावला. गणपत उतरला. वहिनीनं नऊवारीचा काष्टा खोचला आन तीही ढकलायले लागली. नारळ सीटवर. साहेब उतरत होते तर दादा म्हणे, "तुमी बसा, साहेब," जसं काही लग्नाची वरात आहे. मागून एक सायकलवाला आला, तो उतरून सायकल ढकलून राहिला होता. तो आमच्या पुढं गेला.

वर नाहीच चढली. साहेबांनी बॉनेट उघडायले लावलं. वाकून पाहिलं. स्क्रूचे आटे चमकून राहिले होते, जागोजागी पान्याचे नवे ओरखडे.

"याले कोणी हात लावला?"

मी म्हटलं, "मी."

दादा म्हणे, "म्या."

दोघंही एकाच वेळी. साहेबांनी चष्म्यातून एकदा त्याच्याकडं पाहिलं, एकदा माह्याकडं. वहिनीनं कपाळाले हात लावला.

दादानं काल संध्याकाळी उमरेडच्या स्टँडवर पिळला होता. मी करतो तसा, पाऊण आटा. मी नाही म्हटलं म्हणून त्यानं स्वतः केलं. मी हो म्हणू शकलो नाही म्हणून चोरून केलं. पाऊण आन पाऊण दीड. दीड आट्यावर आगगाडीचं इंजिनही मेलं असतं.

साहेबांनी कागदावर लिहिलं: धूर नाही. चढ चढत नाही. सही केली. मंग मले बाजूले घेतलं. "पंचवीस तारखेले आणा. तुमचं सील लागलं असलं तरच आणा. मी तुमच्या सीलवर गाड्या पास करतो, मिस्त्री. माह्याकडं दुसरं काही मोजायले नाही."

यापेक्षा शिवी दिली असती तर चाललं असतं.

१९ मार्च, शुक्र.

दादा दुकानात येऊन गरजला. "तू नाही म्हटलं होतं न? मंग हात काहून लावला? तत्त्वाचा माणूस तू! पाटी लावून बसला!"

म्हटलं, "तुले पंपातलं काय समजते? तू काहून लावला?"

"तू लावत नव्हता म्हणून!"

"मंग तू सांगायचं नाही का?"

"तू सांगितलं का?"

असं अर्धा तास. बाजूचा वेल्डर काम बंद करून ऐकून राहिला होता. शेवटी दादा गेला. पाटी मीच उतरवली. लावायचं तोंड नाही राहिलं.

२० मार्च, शनि.

मावशी भेटली. म्हणे, "परवा सकाळी गाडी गेली आन ताणा पांढरा राहिला गा. तशीच ठेव म्हणा दादाले."

म्हटलं, मावशी, तशी ठेवली तर ती गाडी नाही, दिवाण आहे.

"मले काय त्याचं? माहा ताणा पांढरा."

खरंच, तिले काय त्याचं.

२१ मार्च, रवि.

सकाळी दादा गाडी घेऊन आला, दीड आट्यावर, रांगत. चावी टेबलावर ठेवली. "कर तुले जे करायचं ते. चार दिवस आहेत." उमरेडच्या स्टँडवर त्यानं आपला नंबर एका ओळखीच्याले सांभाळायले सांगितला. तो किती सांभाळन देव जाणे.

रिंगा चार दिवसांत होत नाहीत. नोझल होतात, पंप होते, फिल्टर होते, टायमिंग होते. दादा घरी नाही गेला. स्टुलावर बसून राहिला. मी मागितला तो पाना हातात देऊन राहिला.  दुपारी आपल्या डब्यातली अर्धी भाकर माह्यापुढं सरकवली.

२४ मार्च, बुध.

काम झालं. जेवढं होऊ शकते तेवढं.

दादाले, गणपतले, पोत्याले घेऊन टेकडीवर गेलो. स्क्रू थोडा आत, चढली नाही. थोडा बाहेर, चढली, पण पहिल्यात, कण्हत. त्याच जागी ठेवला. लडी धरली, दहा मोजले.

काळी नाही, पांढरी नाही. राखी.

दादा लडी हातात घेऊन उन्हात गेला. अंगठ्यानं चोळली. म्हणे, "चालते."

मी म्हटलं, "दुसऱ्या कोणाची असती तर मी म्हटलं असतं, रिंगा टाक मंगच सील लावतो."

दादा म्हणे, "मंग म्हण."

नाही म्हटलं. म्हणता आलं नाही. भिंतीकडं तोंड करून झोपलेला दिसला तो मले. त्याच्याकडून कबूल करून घेतलं: सात नाही, पाचच माणसं, दिवाळीआधी रिंगा, आन सीलले हात नाही. "आईची आण," म्हणे. मंग तार ओवली, शिसं दाबलं. 'म' बरोबर उमटला. बाकीच्या गाड्यांपेक्षा जरा जोरात दाबलं असंन.

२५ मार्च, गुरु.

चढली. साहेबांनी मान बाहेर काढली, पाहिलं, आत घेतली, पुन्हा काढली. खाली आल्यावर बॉनेट उघडून सील पाहिलं. बोटानं हलवून पाहिलं.

"तुमाले बरोबर वाटते?" मले विचारलं.

म्हटलं, "हो."

पास.

वहिनीनं नारळ फोडला. अठरा तारखेचाच होता तो. आतून बरा निघाला.

२६ मार्च, शुक्र. पाडवा

श्रीखंड-पुरी दादाकडं. मावशीही आली होती. धुराचा प्रश्न होताच, थंड इंजिन राखीही सोडत नाही, काळंच सोडते. दादा स्वतःच म्हणे, "सकाळी गाडी गल्लीत सुरूच नाही करणार. ढकलत मोठ्या रस्त्यावर नेऊन तिथं सुरू करतो." मावशी म्हणे, "एकटा ढकलशील का? माहा पोरगा येईन." झालं. एवढ्यासाठी दोन तास बैठक घेतली होती त्या लोकाईनं.

२ एप्रिल, शुक्र.

मार्च संपला, पा.पु. संपलं. दुकानात शांतता. टेम्पोवाल्यानं दुसरीकडून करून घेतलं, आज मुद्दाम समोरून धूर सोडत गेला. हात दाखवला.

दादा येऊन गेला. कुरकुर. स्टँडवरचे त्याले 'पाचवाले' म्हणतात म्हणे. दुसरे सात नेतात, हा पाच. कुहीच्या फाट्यानंतरचा चढ पाचातही जड जाते. "दोन माणसं हात दाखवतात गा मन्या, म्हातारी माणसं, मी त्यांच्या समोरून निघून जातो. बरं वाटत नाही."

म्हटलं, रिंगा टाक, मंग सात ने.

"दिवाळीनंतर."

"दिवाळीआधी म्हटलं होतं."

"तेच ते."

८ एप्रिल, गुरु.

वहिनी म्हणे, हे आजकाल खुशीत असतात. परवा रात्री जेवताना गाणं म्हणून राहिले होते.

मी म्हटलं, बरं आहे.

पण मनात किडा शिरला. दादा खुशीत काहून?

१२ एप्रिल, सोम.

सकाळी साहेब स्वतः दुकानात. स्कूटरवर, ऑफिसले जाता जाता. खाली उतरलेही नाहीत.

"काल उमरेड रोडवर तुमच्या भावाची गाडी माह्या पुढं होती. चढावर धूर होता. चांगला काळा. मी अडवलं नाही." मंग म्हणे, "सील पाहा आन मले सांगा. तुमी सांगान ते मी मानतो."

एवढंच. गेले.

दादाले निरोप धाडला. आता दुपारी खेप सोडून आला. काय झालं ते सांगितलं. वाटलं होतं गरजन. गरजला नाही. म्हणे, "धूर असंन. वारा समोरून होता, मी जरा दाबली." माणसं किती होती ते मी विचारलं नाही. त्यानंही सांगितलं नाही. पुढं गेला, स्वतः बॉनेट उघडलं, दांडी लावली.

"पाह्य सील. मी चहा घेऊन येतो."

आन मागं न पाहता पलीकडच्या टपरीवर गेला.

सील पंपाच्या आतल्या बाजूले आहे. वरून तेल-धूळ बसली, काही दिसत नाही. फडक्यानं पुसलं की दिसन. एका मिनिटाचं काम आहे.

सकाळपासून एकच गोष्ट डोक्यात फिरून राहिली. सील तुटलेलं असलं तर दादा खोटा, आईची आण घेऊन खोटा. आन शाबूत असलं तर? तर तो काळा धूर मीच पास केला. भावाची गाडी होती म्हणून राखीले पांढरं म्हटलं, आन साहेबाच्या तोंडावर हो म्हटलं. दोनातलं एक तर आहेच. आन खरं सांगतो, कोणतं असावं ते मले समजून नाही राहिलं. दादा खोटा निघाला तर मी सुटतो. असं वाटलं हेही लिहून ठेवतो.

गाडी समोर उभी आहे, बॉनेट उघडं. मी टेबलाशी बसून वही काढली आन हे लिहून राहिलो, म्हणजे तेवढा वेळ तरी वाकावं नाही लागत. फडकं हातातच आहे, पानाले तेलाचा डाग पडला.

दादा रस्ता ओलांडून येऊन राहिला. दोन्ही हातात चहाचे गिलास आहेत. माह्याकडं पाहून नाही राहिला, गिलासाकडं पाहून राहिला, सांडू नये म्हणून.